हायकेचं झाड आजची रात्र तरी राहिलं

मंडळी, संध्याकाळी ऑफिसातून आले, तर शेजारचा ऊवे बागेत फावडं घेऊन उभा. त्याची बायको हायके परवा गेली.

बागेत तिचं झाड आहे. हो, गांजाचं. कायद्याचं मला विचारू नका. तिला मणक्याचं भयंकर दुखणं होतं आणि या गांजानेच काय ती झोप लागायची.

इथे जर्मनीत, कुक्सहाफेनला, समुद्रावरचा वारा उंच काही टिकू देत नाही. पहिल्या वर्षीची रोपं मधोमध मोडली. मग तिने ठेंगणी, झुडपासारखी इंडिका जात लावली आणि वाऱ्याच्या बाजूला बोरूची चटई बांधली. यंदा झाड मस्त भरलंय, कमरेएवढं. फुलं पुढच्या आठवड्यात काढायची होती.

"आता कोणासाठी?" म्हणत ऊवेने मुळाशी फावडं लावलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ऊवे, आत्ता नको. आमच्याकडे दिवेलागणीनंतर झाडाला हात लावत नाहीत. झाड झोपलेलं असतं."

वाटलं, हसेल. त्याने फावडं अलगद भिंतीला टेकवलं, चटईची सुटलेली दोरी बांधली आणि कुजबुजला, "आल्झो गूट, बरं तर. मग हळू बोलूया."



घरी येऊन पोळ्या लाटायला घेतल्या आणि रडूच फुटलं. आईचा नियम किती वर्षांनी तोंडात आला! झाडाला एक रात्र मिळाली.

सकाळी तो पुन्हा फावडं घेईल. तेव्हा त्याला काय सांगू?