कुंडलचं विरजण

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. सांगलीच्या मंडईमागं माझी खानावळ होती. नवरा पलटणीत, वर्षातून एकदा यायचा. त्यामुळं खानावळही माझीच आणि तोंडही माझंच, आणि दोन्ही दिवसभर चालायचं. पण त्या वर्षी मी जो घोळ घातला तो रागाच्या भरात घातला नाही. स्वच्छतेपायी घातला. म्हणून तर तो आठवला की अजून कपाळावर हात जातो.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. जळण मिळत नव्हतं. मिळालं तर ओलं. रॉकेलला डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपली पाळी आली की दुकानदार फळी लावून घ्यायचा. माझं माहेर आटपाडीकडचं, काटक्यांवर स्वयंपाक करायची सवय होती मला. पण खानावळीच्या भाकरी काटक्यांवर होतात होय? धुरानं माझे डोळे बारमाही लाल.

खानावळीच्या मागच्या भिंतीला लागून गल्लीचा सार्वजनिक संडास होता. डब्यांचा. रोज सकाळी एक बाई यायची, डबे मोठ्या बादलीत उपडे करायची आणि ती बादली डोक्यावरून गाड्यापर्यंत न्यायची. पावसाळ्यात ते तिच्या अंगावर ओघळायचं. गाडा शेवटी नदीकाठी रिकामा व्हायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणी बोलायचं नाही, कारण पाणीही आपण नदीचंच प्यायचो. वयानं मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणायचे. म्हणायचे खरी, पण चहा द्यायचे तो मागच्या दारातून, लांबून ओतून. तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही. आता लाज वाटते, आणि वाटायलाच पाहिजे.

अशात नगरपालिकेत एक तरुण ओव्हरसीअर आला. किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या चपलांकडं बघणारा. त्यानं साहेबलोकांना पटवलं की डबे काढायचे, पाण्यानं धुता येतील अशी भांडी बसवायची आणि घाण खाली टाकीत सोडायची. टाकीत ती कुजते, गॅस सुटतो, तो वरच्या लोखंडी टोपीखाली साठतो, आणि नळीनं चुलीला आणता येतो. उरलेलं पाणी उसाला खत. नदीत काही जायचं नाही. नगराध्यक्ष म्हणाले, एका गल्लीत करून दाखवा. जमलं तर गावभर करू. नाही जमलं तर टाकीत मुरूम भरायचा आणि डबे परत आणायचे.

पण गॅस घेणार कोण? पोरगा दारोदार हिंडला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पुरुष तोंड उघडून हसले. शेवटी माझ्या उंबऱ्याशी आला. मी म्हटलं, "लावा माझ्याकडं." अर्धं डोळ्यांसाठी म्हटलं, अर्धं त्या हसणाऱ्यांची जिरवायची म्हणून. आणि एक गोष्ट मनात होती, की अक्काच्या डोक्यावरची बादली जाईल.

टाकी झाली, टोपी हळूहळू वर आली, आणि एका सकाळी माझ्या शेगडीला निळी ज्योत लागली. धूर नाही, फुंकणं नाही. मी टाळ्या वाजवल्या हो, एकटीनंच! पण गिऱ्हाइकं उठली. "आवं बाई, त्या गॅसवरची भाकरी? न्हाई बाबा, आमी उपाशी ऱ्हाऊ." मी म्हटलं, "ऱ्हावा की मग!" पण किती दिवस असं म्हणणार? शेवटी भाकरी चुलीवरच थापत राहिले, आणि गॅसवर नुसतं अंघोळीचं पाणी.

उद्घाटन ठरलं. नगराध्यक्ष आणि सगळे नगरसेवक येणार आणि मी त्यांच्यासमोर गॅसवर भाकरी करून दाखवायची, असा बेत. आता एवढी मोठी माणसं येणार आणि संडासाला वास? माझ्या गल्लीत? मी आठ दिवस आधी फिनेलचा मोठा डबा आणला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एकेक भांडं घासून वर बदाबदा फिनेल. अक्का म्हणाली, "लय व्हतंय गं." मी तिलाच दटावलं. संडास असा लखलखला की आत चपला घालून जायला लोक बिचकायला लागले.

इकडं टोपी रोज खाली बसत चालली. ओव्हरसीअर साबणाचं पाणी लावून नळीचा प्रत्येक सांधा तपासत होता. गळती कुठंच नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव, हारतुरे, सगळं होतं. मी काडी ओढली. ज्योत नाही. दुसरी ओढली. तिसरीला मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, जुलाबाचं औषध द्या गल्लीला!" आणि मांडव हसून लोळला. ओव्हरसीअरचा चेहरा बघवत नव्हता. फक्त नगराध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिवस देतो. मग मुरूम." अक्का भिंतीशी उभी होती, नवं लुगडं नेसून. दुसऱ्या दिवशी तिला नगरपालिकेच्या आवारातले जुने डबे घासून ठेवायला सांगितलं. तिनं ते मला सांगितलं ते असं, जसं काही उद्या मंगळवार आहे.

त्याच दुपारी ओव्हरसीअर टाकीच्या कठड्यावर बसला होता. एकदम नाक वर करून म्हणाला, "हा फिनेलचा वास कुठून येतो?"

"मी टाकते की," मी ऐटीत म्हटलं. "रोज दोनदा."

पहिल्यांदाच त्यानं चपला सोडून माझ्या तोंडाकडं बघितलं. "अहो बाई, टाकीत जिवाणू असतात. तेच गॅस करतात. दुधाचं दही करणाऱ्या विरजणासारखे. फिनेलनं ते मरतात."

मी कपाळावर हात मारला. अगं बया, विरजणावर फिनेल ओतलं मी! साऱ्या गावाच्या कामावर पाणी पाडलं, आणि ते डबे मीच अक्काच्या डोक्यावर परत ठेवले. इतकं रडू आलं की सांगता सोय नाही. पण रडून झाल्यावर मला राग आला, आणि राग आला की मला सुचतं. "विरजण मेलं तर नवं आणायचं! कुणाकडं हाय सांगा."

कुंडल गावात एका बागायतदाराचा शेणाचा गॅस चालू होता. दुसऱ्याच दिवशी टेंपोत रिकामी पिपं टाकून आम्ही दोघं निघालो. मालक खो खो हसला. "विरजण न्यायला आलासा, त्ये बी पिपातनं?" पण बिचाऱ्यानं तोंडोतोंड भरून दिलं. येताना प्रत्येक खड्ड्याला ते आमच्यावर उडत होतं, आणि ओव्हरसीअर दर वेळी मलाच 'माफ करा' म्हणायचा.

टाकीतलं फिनेलचं पाणी अक्कानं आणि मी मिळून उपसलं. बादली तिनं धरली तशी मीही धरली. कुंडलचं आंबलेलं शेण ओतलं. मग फिनेलचा थेंबही आत जाऊ नये म्हणून मी संडासाच्या दाराशीच पाट टाकून बसले. कुणाच्या हातात डबा दिसला की, "काय हाय त्यात? वास घिऊ दे आधी!" माणसं घाईत असायची, पण सुटका नव्हती. अक्का रोज टोपीवर खडूनं रेघ मारायची. पाच दिवस रेघ होती तिथंच. सहाव्या दिवशी बोटभर वर आली. दहाव्या दिवशी वीतभर. आम्ही दोघी त्या रेघेकडं बघून हसत सुटलो.

पंधराव्या दिवशी मुरमाचा ट्रॅक्टर गल्लीत शिरला. ड्रायव्हर ट्रॉली मागं घ्यायला लागला. मी आडवी आले. "थांब रं! आधी बघ, मग वत." खानावळीपुढं सगळी गल्ली गोळा झाली. मी काडी ओढली. फक्क! निळी ज्योत, चांगली हातभर पसरली. मी तिथंच भाकरी थापली, तव्यावर टाकली, मग आचेवर धरली. टम्म फुगली.

आता खाणार कोण? कुणी पुढं येईना. ज्यांनी हसून घेतलं होतं ते वर कौलांकडं बघायला लागले. ओव्हरसीअरनं हात पुढं केला, तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"हिकडं आण. एवढी वर्सं डोक्यावर व्हायलं, त्येच्या आगीवरली पयली भाकर माझी हाय."

मी म्हटलं, "तिथनं न्हाई, अक्का. म्होरच्या दारानं ये."

ती वळसा घालून आली. गर्दीनं वाट दिली. मी पाट मांडला, ताट वाढलं, भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. ती बसली आणि सावकाश जेवली. मग ट्रॅक्टरवरून ड्रायव्हर उतरला आणि हात धुऊन तिच्या शेजारी बसला. "मलाबी वाढा. सकाळधरनं पोटात काय न्हाई." त्याच्यामागं ओव्हरसीअर, आणि मग माझी पळालेली गिऱ्हाइकं, एकेक करून, माना खाली घालून. मी एकालाही सोडलं नाही. भाकरीबरोबर दोन शब्द ऐकवूनच वाढलं.

मुरूम भरलेला ट्रॅक्टर तसाच परत गेला.

मी अक्काच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि तिच्याकडं बघत उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते, आणि या वेळी धूर नव्हता.

"बगत काय उबी ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "थाप की. भाईर लोकं तिष्ठत्यात."