गाऊनातला लेफ्ट बॅक

किनाऱ्यावरच्या कारांगसारी गावात कास्मुरीला न वैतागलेला कुणी पाहिला नव्हता. हमरस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. मासळीच्या टोपल्या लादलेल्या मोटारसायकली तिथे थांबायच्या आणि चाक दुरुस्त होईपर्यंत मालकांना आपण किती बेपर्वा आहोत हे ऐकून घ्यावं लागायचं. दुपारची नमाज झाली की तो दुकान बंद करून मैदानावर जायचा आणि तेच गावच्या फुटबॉल संघाला ऐकवायचा. सगळं गाव त्याला लिक म्हणे, म्हणजे काका. प्रेमाने म्हणे की भीतीने, कुणास ठाऊक.

पण त्याच्या जिवाला खरा घोर एकाच माणसाचा होता. गुफ्रॉनचा. बायकोच्या बहिणीचा हा मुलगा, वय बावीस, डाव्या पायाचा, पाठीवर अकरा नंबर, गावाचा लाडका विंगर, म्हणजे कडेने पुढे चढाई करणारा. तो पळायला लागला की मैदानाच्या कडेची माणसं हातातली कॉफी सोडून उभी राहायची. कास्मुरी मात्र कपाळाला हात लावायचा.

कारण हा पळून करायचा काय? चेंडू मिळाला की मान खाली आणि थेट कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत. पहिल्या माणसाला झकास चुकवायचा, दुसरा आला की चेंडू त्याच्या हवाली. चुकूनमाकून क्रॉस मारलाच, तर तो गोलसमोर सोडून कुठेही जायचा. मैदानामागे बांबूच्या ताट्यांवर मासळी वाळत असे. तिथल्या बायकांनी शेवटी कंटाळून मध्ये जुनं जाळं बांधून घेतलं होतं.

आणि मग जे व्हायचं, ते फक्त कास्मुरीला दिसायचं. चेंडू गेला की गुफ्रॉन गर्रकन वळायचा. कुणी चप्पल चोरून पळावं तसा तो त्या माणसाचा पिच्छा पुरवायचा आणि चेंडू परत आणायचा. तेव्हा मात्र मान वर. सगळं मैदान समोर दिसत असलं की त्याचा डावा पाय चेंडू हवा तिथे पोचवायचा. हा पोरगा विंगर नव्हताच. हा लेफ्ट बॅक होता, डावीकडे मागे राहून गोल राखणारा, आणि अख्ख्या किनाऱ्यावर असा दुसरा नव्हता.

हे गावाला पटवायचं कसं? कारांगसारीत बॅकला उभं करत ते पोट सुटलेल्यांना. मुंतामाने, म्हणजे गुफ्रॉनच्या आईने, तर घर डोक्यावर घेतलं होतं. "माझा मुलगा मागे? त्याच्या बापाने आयुष्यात कधी मागे पाऊल घेतलं नाही!"

"बाप होडी चालवायचा, मुंतामा! होडीत लेफ्ट बॅक नसतो!"

गुफ्रॉनने तर बोलणंच तोडून टाकलं होतं. "मागे टाकलंत ना लिक, तर उद्यापासून मी होडीवर."

अशात शहरातल्या क्लबच्या सुतोयोसाहेबांचा फोन आला. डावीकडचा एक पोरगा आहे म्हणे तुमच्याकडे, एकदाच येऊन बघतो, कसा आहे? एरवी तोंडाला कुलूप नसलेला कास्मुरी गडबडला. लेफ्ट बॅक म्हणावं तर पोरगा मैदानावरच यायचा नाही. "चांगला विंगर आहे," तो म्हणाला, आणि दिवसभर स्वतःवरच चडफडत राहिला. सतरा ऑगस्टला, त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला, सामना होता. त्याने तीच तारीख दिली.

सामना होताही. फक्त गावच्या उत्सव समितीने यंदा तो गाऊनचा करायचं ठरवलं होतं. पुरुषांनी बायकांचे घरातले गाऊन घालून खेळायचं, लाउडस्पीकरवर गाणं लागलं की असेल तिथे नाचायचं, नाही नाचला तर चेंडू दुसऱ्या संघाला. संघ लावायचा तो बायकांनी. हे कास्मुरीला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगून शिव्या कोण खाणार?

सुतोयोसाहेब गाडीतून उतरले तेव्हा गोलमध्ये गुलाबी झालरीचा गाऊन घातलेला गावप्रमुख उभा होता. कास्मुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही चेष्टा आहे? माणूस शहरातून आलाय! तार्मी, थांबव हे!"

तार्मी, त्याची बायको, संघ लावण्यात दंग होती. "अहो, ओरडू नका. वर्षातून एकदा तर हसतं गाव. गुफ्रॉन, तू मागे जा रे. आईचा गाऊन घातलायस, त्यात पाऊल तरी पडतंय का तुझं? जा, डावीकडे मागे उभा राहा."

आणि गुफ्रॉन हसत गेला! तीन वर्षं कास्मुरीने घसा फोडला, आणि हा पोरगा मावशीच्या एका शब्दावर गेला. कास्मुरीला रडावं की कुणाला तरी मारावं हे कळेना.

त्या अरुंद गाऊनात लांब ढांगा टाकता येईनात. मग गुफ्रॉन चेंडू येणार असेल तिथे आधीच जाऊन उभा राहू लागला. एक चेंडू काढला, दुसरा काढला. गाणं लागलं, कंबर हलवून घेतली, गाणं थांबताच तिसरा काढला आणि डाव्या पायाने मैदानाच्या पार पलीकडे एका पिवळ्या गाऊनच्या पायात नेऊन ठेवला. सुतोयोसाहेब इतका वेळ तळलेली केळी खात खदाखदा हसत होते. त्यांनी केळं खाली ठेवलं.

"तो जांभळ्या फुलांचा कोण?"

"तोच तो. गुफ्रॉन."

"तुम्ही तर विंगर म्हणालात. काय कमी आहे त्याच्यात?"

कास्मुरी सुटला. मान वर करत नाही, क्रॉस मारता येत नाही, दुसरा माणूस चुकवता येत नाही, ऐकत तर कुणाच्या बापाचं नाही. एवढ्यात सामना संपला आणि गुफ्रॉन गाऊनाने घाम पुसत शेजारी येऊन उभा राहिला.

"बरं," साहेब म्हणाले, "आणि चांगलं काय?"

कास्मुरीने तोंड उघडलं. टायरात रुतलेला खिळा ओढावा तसं एकेक वाक्य निघालं.

"चेंडू गेला की... ह्याला चैन पडत नाही. परत आणतोच. मागून ह्याला सगळं मैदान दिसतं. साहेब, हा विंगर नाही. लेफ्ट बॅक आहे. मी खोटं बोललो. ह्याच्यासारखा लेफ्ट बॅक मी पाहिलेला नाही."

"सोमवारी पाठवा. विंगर माझ्याकडे चार आहेत."

मुंतामा लगेच ओरडायला धावली, पण गुफ्रॉनने तिला हाताने अडवलं. तो कास्मुरीकडे बघत होता.

"लिक, तीन वर्षं मला काय येत नाही तेवढंच ऐकलंय तुमच्याकडून. मला वाटायचं, मागे टाकताय म्हणजे काढूनच टाकताय."

कास्मुरीला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

सोमवारी सकाळी बस दुकानासमोर थांबली. गुफ्रॉन पिशवी घेऊन चढला. कास्मुरीने रात्रभर चांगली दोन वाक्यं ठरवून ठेवली होती, पण तोंडातून आलं ते नेहमीचंच. "मान वर ठेव! आणि वेळेवर जेव!"

बस हलली. तसा तो हातातला पाना टाकून बसच्या मागे पळाला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "तू चांगला खेळतोस रे, गाढवा! फार चांगला खेळतोस!"

गुफ्रॉनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय म्हणालात, लिक? परत म्हणा!"

त्याला ऐकू आलं होतं. दात काढून हसत होता.

"चालता हो!" कास्मुरी खेकसला. आणि परत एकदा म्हणाला.