डोलीनाचा अकरा जोडांचा किल्ट

"मशीनमध्ये? अगं बये, किल्ट मशीनमध्ये टाकलास?"

मी एवढ्या जोरात ओरडले की समोरचा खाटीक दुकानाबाहेर आला. फार्करची सून रोना माझ्या दारात पिशवी घेऊन रडत उभी होती. पोर शहरातली. सासऱ्याचा किल्ट मळलेला दिसला, शनिवारी गावचे खेळ, म्हणून बिचारीनं मायेनं धुऊन टाकला. गरम पाण्यात!

"इशबेलमावशी, त्यांना अजून सांगितलं नाहीये," ती म्हणाली. "काहीतरी करा ना."

पिशवीतून किल्ट काढून मी टेबलावर पसरला. मागच्या सगळ्या निऱ्या एकमेकींना चिकटून गोधडी झाली होती. कंबर चार बोटं आटली होती. चाळीस वर्षं मी या स्कॉटिश गावात किल्ट, पुरुषांचे हे लोकरीचे निऱ्यांचे घागरे, शिवतेय, पण असा खून पाहिला नव्हता.

आणि किल्ट कुणाचा, तर फार्करचा! शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस. लग्न असो, मयत असो, रविवारचं चर्च असो, किल्टशिवाय दिसायचा नाही. खेळांच्या दिवशी गावच्या बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइपवाल्यांच्या पुढे तोच चालणार, सतराव्या वर्षापासून, आणि या शनिवारी पन्नासावी वेळ. काय चालायचा! पाऊल पडलं की मागच्या निऱ्या डावीकडे, उजवीकडे, अशा झुलायच्या की म्हाताऱ्यासुद्धा बोलणं थांबवून बघायच्या. पाहुणे विचारायचे, "किल्टच्या खाली काय घातलंय?" तो शांतपणे सांगायचा, "मोजे आणि बूट."

पण त्याची एक टिमकी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. "माझ्या बापानं बोटीवर जायच्या आधी घेतलेलं कापड आहे हे. आठ वार, एका ठाणातलं, एकसंध!" आणि एवढा जपायचा की इस्त्रीलासुद्धा कधी माझ्याकडे दिला नाही. मला राग यायचा. गावात एकच किल्टवाली, आणि हा घरी स्वतः इस्त्री करणार!

मी रोनाला घरी पाठवलं, किल्ट टेबलावर पालथा घातला आणि आतलं अस्तर उसवलं. निऱ्या वाफेवर एकेक करून सोडवायला लागले.

तिसऱ्या निरीच्या पोटात जोड निघाला. त्यात काय, एखादा जोड प्रत्येक किल्टमध्ये असतो, आम्ही तो निरीत लपवतो. पाचवी निरी सोडवली, पुन्हा जोड. आठवीत पुन्हा. मी मोजायला लागले. अकरा! अकरा जोड, आणि प्रत्येक ठिकाणी चौकडीची रेघ रेघेला अशी भिडवलेली की बाहेरून देवालासुद्धा कळू नये. एकसंध कसलं, तुकड्यातुकड्यांचा किल्ट होता तो.

मग मला तुकड्यांच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचे दोन टाके दिसले. मी खुर्चीत बसलेच. ती माझ्या आईची खूण होती, माझ्याआधी दुकान तिचंच. उरलेला तुकडा कुठल्या ठाणातला ते कळावं म्हणून ती तसे टाके घालायची.

फार्करची आई डोलीना आमच्या दुकानात इस्त्रीला होती. मी सात वर्षांची असताना आईनं तिला काढून टाकलं. "कापड चोरते," म्हणाली. आमच्या घरात डोलीनाचं नाव नेहमी असंच निघायचं, चोरटी डोलीना. मीही म्हटलंय तसं. लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी फार्कर स्वतःच आला. रोनानं सांगून टाकलं असणार. दार लावलं, टोपी काढली. टेबलावर उसवलेला किल्ट बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"किती मोजलेस?" त्यानं विचारलं.

मी कात्री खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"शिवताना दिवा कोण धरत होतं मग? अकरा आहेत. बाप कसलं कापड घेतोय! तो बोटीवर गेला तो गेलाच. मला पाइपवाल्यांत घेतलं होतं, अंगावर घालायला काही नव्हतं. आईनं दोन वर्षं तुकडे जमवले."

"चोरून?"

"चोरूनच. उगाच खोटं कशाला बोलू?"

"आणि एकसंधची टिमकी?"

"गावानं तिला चोरटी म्हणावं, हे मला चाललं नसतं."

मी एका पिवळ्या टाक्यावर बोट फिरवलं. शेवटी म्हटलं, "बरं झालं, हा किल्ट त्याच तुकड्यांचा आहे हे माझ्या आईला कळलं नाही."

फार्कर हसला, पण बरं वाटण्यासारखं नाही. "इशबेल, तुझ्या आईला कळलं नसेल? पहिल्या वर्षी मी मैदानात चालत आलो, ती पहिल्या रांगेत उभी होती. माझ्या निऱ्या झुलल्या आणि तिचं तोंडच उतरलं. नंतर माझ्यापाशी आली, खाली वाकली, वाकडं झालेलं बक्कल सरळ केलं आणि म्हणाली, 'शिलाई चांगली आहे.' एवढंच बोलून गेली."

"मग... मग तिनं तुझ्या आईला परत का नाही बोलावलं?"

"ते तू मला विचारतेस?"

माझी आई! शिलाई चांगली आहे म्हणाली, आणि घरी येऊन मरेपर्यंत तिला चोरटी म्हणत राहिली. मी त्याच्यासमोर हुंदके देऊन रडले. त्यानं मला रडू दिलं. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "शनिवारी चालता येईल का, तेवढं सांग. नाहीतर पँट घालावी लागेल."

"पँट घालून मैदानात आलास तर तंगडी तोडीन!" मी डोळे पुसत म्हटलं.

मी माळ्यावरची आईची पेटी काढली. त्याच चौकडीचा एक मोठा तुकडा होता, कोपऱ्यात पिवळे टाके. आटलेली कंबर पुरवायला तो पुढच्या दोन पल्ल्यांपैकी आतल्या, झाकल्या जाणाऱ्या पल्ल्याला जोडला. रेघेला रेघ भिडवताना तीनदा उसवावं लागलं. डोलीनाचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

शनिवारी सकाळी फार्करनं किल्ट नेसला, बक्कल लावलं आणि पल्ला उलटून बघितला.

"हा बारावा जोड. तुकडा कुठून चोरलास?"

"चोरला नाही," मी म्हटलं. "दुकानातून दिलाय. डोलीनाला."

मग मैदानात पहिल्या रांगेत, माझी आई उभी राहायची तिथेच जाऊन उभी राहिले. निऱ्या पूर्वीसारख्या झुलत नव्हत्या, जरा जड पडत होत्या. शेजारची बाई म्हणाली, "बघ गं, एकसंध कापडाची शानच वेगळी!"

"एकसंध नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "बारा जोडांचा आहे. अकरा डोलीनानं घातलेत. या गावात तिच्यासारखी शिवणारी झाली नाही."