जाडी हा शब्द सुरतेतही तोच

दोंडाईच्याहून सुरतेला निघाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. कापडाच्या कंपनीत संगणकावर साड्यांची डिझाइनं करायची नोकरी लागली होती. स्टेशनवर माझे वडील, नाना, माझी बॅग धरून उभे होते आणि त्यांची मोठी बहीण, आमची अक्का, आपल्या दोन पोरींना घेऊन आली होती. गाडी हलली तशी आई खिडकीला धरून चार पावलं चालली. रडू आवरत म्हणाली, "तठे फरसाण खाईसन जाडी नको व्हजो." सगळे हसले. मीही हसले. निरोपाचं ते शेवटचं वाक्य होतं.

तसं त्यात नवं काही नव्हतं. लहानपणापासून घरात माझ्या अंगावरूनच बोलणं व्हायचं. काका मला 'भोपळी' म्हणायचे. पाहुणे आले की मी दुसरी भाकरी मागत नसे. बघायला आलेल्या एका बाईंनी तर माझ्यासमोरच आईला सांगितलं होतं, "पोरगी जरा अंगानं आहे." त्या दिवशी आई माझ्याशी धड बोलली नाही.

सुरतेत आले, लग्न झालं, मुलगी झाली, कृती. भाषा बदलली, भाजीवाल्याशी गुजराती, ऑफिसात हिंदी, नवऱ्याशी मराठी. पण 'जाडी' हा शब्द इथेही तसाच होता. गुजरातीतही जाडीला जाडीच म्हणतात. मी बेडरूममध्ये वजनकाटा ठेवला. सकाळी त्यावर उभी राहायचे, आरशासमोर पोट आत ओढायचे, रात्री जेवण टाळायचे आणि वर कौतुकानं सांगायचे, "आज काही खाल्लं नाही, कसं हलकं वाटतंय!" हे सगळं मी माझ्यापुरतं करत होते, असं मला वाटत होतं.

कृती दहा वर्षांची असताना तिच्या शाळेतून फोन आला. प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली होती. बाईंनी सांगितलं, ही दोन आठवडे डबा मैत्रिणींना वाटून टाकते. मी धावत गेले. रिक्षात तिला जवळ घेऊन विचारलं, "का गं असं केलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "मम्मी, हुं जाडी छुं ने?" मग मराठीत, "तूच म्हणतेस ना, खाल्लं नाही की हलकं वाटतं."

मला रिक्षातून उतरून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टरांनी तिला तपासलं. म्हणाले, मुलगी छान आहे, वाढीचं वय आहे, तिला पोटभर जेवू द्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घरात वजनाबद्दल कोण बोलतं?" मी म्हटलं, "मी."

त्याच संध्याकाळी वजनकाटा भंगारवाल्याकडे गेला. कृतीला समोर बसवून मी म्हटलं, "मी चुकत होते. आजपासून आपण रोज एकत्र जेवायचं." तिनं विचारलं, "तू पण? भात पण?" भातसुद्धा. सोपं नव्हतं. घास तोंडात आणि आकडे डोक्यात, असे कित्येक दिवस गेले. आरशासमोर तोंडात आलेला 'जाडी' शब्द गिळायचे. पण पोरगी माझ्या ताटाकडे बघत असायची, म्हणून मी जेवत राहिले.

मे महिन्यात कृती आणि मी दोंडाईच्याला गेलो. पायरीवर चपला काढतोय तोच अक्का म्हणाली, "सुरतनं पाणी चांगलं लागनं वं तुले! पोर बी जाडी व्हई गई." कृतीनं ओढणीसारखी बॅग पोटावर ओढून घेतली.

अक्कासमोर मी आयुष्यात कधी तोंड वर केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. "अक्का, तिला शाळेचं विचारा, पोहायला शिकली ते विचारा. तिच्या अंगावरून कोणी बोलायचं नाही. माझ्याही नाही."

"आते बोलानं बी नही का?" म्हणत अक्का उठून गेली. नानांनी पेपर डोळ्यांसमोर धरला तो खाली घेतलाच नाही.

स्वयंपाकघरात आई बट्ट्या तळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुन्हा लगीननी काळजी व्हती मले, म्हनीसन बोलू. मले बी मन्ही सासू अशीच बोले."

तीन ताटं वाढली होती, तिथे मी चौथं, आईचं, मांडलं. आई कायम सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, उभ्याउभ्या खायची. कृती तिचा पदर ओढत म्हणाली, "आजी, बस ना." आई संकोचत बसली. बट्टी कुस्करली, वर वरण घेतलं आणि मग स्वतःच्या हातानं स्वतःला तूप वाढलं. चाळीस वर्षांची झाले तेव्हा मी आईला पोटभर जेवताना पहिल्यांदा पाहिलं.

अक्का दोन दिवस बोलली नाही. फोनवर अजूनही विसरते आणि अंगावरून बोलते. मी अजूनही आठवण करून देते.

माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, आणि मागे राहिलेल्या माझ्या माणसांनो, घर कुठलं असं कोणी विचारलं की पूर्वी मी पटकन दोंडाईचा सांगायचे. आता थोडी थांबते. माझ्या लेकीला आपल्या अंगाची लाज वाटणार नाही, ते घर. ते मला ना दोंडाईच्यात तयार मिळालं, ना सुरतेत. रोज दोन वेळा, सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट वाढून घेऊन, मी ते उभं करते आहे.