वल्ही मांडीवर घेतलेली बाई

सुपा धरणातल्या एखाद्या बेटावर सुट्टीच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट बांधायचं होतं. बेट निवडायला मला पाठवलं होतं. होडीवाल्या बाईंना मी नावही विचारलं नाही. सर्वांत देखण्या बेटापाशी त्यांनी वल्ही काढून मांडीवर घेतली.

"इथं उतरायचं न्हाई, साहेब."

"का? छान बेट आहे की!"

"बेट कशाचं? आमच्या गावचा डोंगर हाय ह्यो. गाव बुडालं, देव आन त्याची राई तेवढी वर ऱ्हायली. तिथं पावणं पायताण घालून नाचणार व्हय?"

ऊन चढलं तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी मीच दुसऱ्या बेटाकडं बोट दाखवलं.

देवराई राखली म्हणून पुढं दुसरीकडं वसलेल्या त्या गावानं मला शाल पांघरवली आणि मी ती घेतली. डोंगर त्या बाईंनी राखला. मी नुसता होडीत बसलो होतो.