मराठीतून मागितलेला देश

प्रोफेसरसाहेब वाद हरलेले मी कधी पाहिले नाहीत. लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या आमच्या घरी जेवायला आले की ते माझ्या नवऱ्याला एखाद्या विषयावर पुरते नमवायचे आणि ताक पिऊन झालं की बाजू बदलून पुन्हा नमवायचे. नव्वदी ओलांडली होती, पण सुरू केलेलं वाक्य कधी अधांतरी राहिलं नाही. मी एकदा कौतुक केलं, तर म्हणाले, "वाद जिंकणं सोपं असतं, डॉक्टरीणबाई. जिंकल्यावर काय होतं, ते बघायला दुसरी माणसं मागे राहतात."

आमची ओळख वेम्बलीच्या एका वाणसामानाच्या दुकानात झाली. मी फोनवर आईशी बोलत आमसुलं निवडत होते. मागून आवाज आला, "ती नका घेऊ, जुनी आहेत." वळून बघते तर लांब कोट घातलेले, उंच, ताठ म्हातारे गृहस्थ. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या मुसलमान घरातले, मराठी शाळेत शिकलेले. इथल्या कॉलेजात राजकीय विचार शिकवून निवृत्त झाले होते आणि आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत होते. बायको वारली होती. मुलगा ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करायचा. त्याला उर्दू येई, मराठी अजिबात नाही. प्रोफेसरसाहेबांना मराठी बोलायला कोणी हवं होतं, मला वडीलधारं माणूस. दर रविवारी ते येऊ लागले.

त्यांचा भूतकाळ मला हळूहळू कळत गेला. विशीत, मुंबईला शिकत असताना, ते मुसलमानांच्या वेगळ्या देशाच्या चळवळीत शिरले. पुढाऱ्यांची भाषणं उर्दूत असत. कोकणातल्या गावांत लोक ती मान डोलवत ऐकत आणि काही न कळता घरी जात. तेव्हा या हुशार पोराने ते सगळं तत्त्वज्ञान मराठीत आणलं. छोट्या पुस्तिका लिहिल्या, होडीने गावोगाव जाऊन भाषणं केली. लोकांना पटलं. त्यांनी मतं दिली.

मी विचारलं, का केलंत? त्यांनी शांतपणे सांगितलं की वसतिगृहात त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवत असत. "पेला खरा होता. त्याचं दुःखही खरं होतं. उपाय मात्र मी पुस्तकातून काढला, आणि तो जुबैदाला भोगावा लागला."

जुबैदा ही त्यांची धाकटी बहीण. फाळणी झाली तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. ते कराचीला गेले. आई-वडील, बहीण, सगळं गाव कोकणातच राहिलं, कारण शेत आणि खाडी उचलून नेता येत नाहीत. मग बाजारात वडिलांना लोक विचारू लागले, तुमचा देश मिळाला ना, अजून इथे कसे? वडिलांनी बाजारात जाणंच सोडलं. इकडे कराचीत प्रोफेसरसाहेबांनी नव्या सरकारवर टीका केली आणि नोकरी गमावली. तिथून लंडन. गावी ते पुन्हा कधीच जाऊ शकले नाहीत. म्हातारपणी व्हिसासाठी पुन्हापुन्हा अर्ज केले, पण तो मिळाला नाही.

जुबैदा आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी माझ्या टॅबलेटवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडे तिच्या नातीने फोन धरला होता. वाळून गेलेली, पांढऱ्या ओढणीतली म्हातारी पडद्यावर दिसू लागली. तब्येत, औषधं, पाऊस असं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "भाई, तू गावागावांत जाऊन सगळ्यांना समजावलंस. मी तर घरातच होते. मला का नाय समजावलंस?"

प्रोफेसरसाहेबांनी एक वाक्य सुरू केलं, ते अधांतरीच राहिलं. नातीने थोडं थांबून फोन ठेवला.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. रोज फोन लावायचा, आणि रोज नात संकोचून सांगायची की आजी झोपली आहे. एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "तुम्ही जुबैदा व्हा. मी उत्तर देतो." त्यांनी सुरुवात केली. काळ कसा होता, वय काय होतं, कोणाला काय ठाऊक होतं. इतकं नेमकं, इतकं सुंदर बोलले की माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, साहेब, हेच सांगा तिला, तिला पटेल. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"पटेलच हो. मला पटवायचंच नाहीये आता."

मग काय करायचंय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, अडखळले, पुन्हा केली. शेवटी डोकं हातांत धरून बसून राहिले. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

जुबैदा त्याच आठवड्यात गेली. बातमी माझ्याच फोनवर आली. ती मी त्यांना त्यांच्या दारात उभी राहून सांगितली. "थँक यू फॉर लेटिंग मी नो," ते म्हणाले, आणि दार लोटलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत, आणि तेही दोन-तीन शब्दांचं. रविवारचं येणं बंद झालं. मी डबा घेऊन जायची. तो घ्यायचे, आत या म्हणायचे नाहीत. मुलाने ब्रिस्टलला नेण्याचा खूप प्रयत्न केला. ते गेले नाहीत. वसंतात एका सकाळी खुर्चीतच गेले.

दफनाला शंभरेक माणसं आली होती. नमाज अरबीत झाला. नंतर एक वृद्ध गृहस्थ उर्दूत बोलले: या विचारवंताने कौमला वतन दिलं, आपल्या समाजाला देश दिला. पुष्कळांनी माना हलवल्या. मुलगा इंग्रजीत सगळ्यांचे आभार मानून माझ्याकडे आला. म्हणाला, "आंटी, अब्बा तुमच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचे ना? त्या भाषेत तुम्ही दोन शब्द बोलाल का?"

मी मातीच्या ढिगापाशी गेले. लोक आदराने थांबले. माझ्या तोंडून एक शब्दही फुटला नाही.