जानोशातला लाईट

माझा थोरला भाऊ नामदेवदादा गेल्याचा निरोप खामगावला माझ्या सासरी चुलतभावानं आणला. दारात उभं राहून त्यानं आधी पाणी मागितलं, तेव्हाच मी ओळखलं. चिखलीच्या बाजारातून दादा गावी परतला, जीप उभी केली आणि ओट्यावर बसला तो बसलाच. वय काही जाण्याचं नव्हतं. मागे म्हातारी, दम्यानं हैराण झालेली आई राहिली... याला काय म्हणावं? मला तर रागच आला. तो अजून उतरलेला नाही.

माझ्या लग्नाआधी आमच्या माहेरच्या गावात वीज नव्हती. दादाची जुनी जीप आणि तिच्यावरचा भोंगा आजूबाजूच्या लग्नांत आणि सभांत जायचा. लोकांना मग ट्यूबचा उजेडही हवा झाला. बॅटरीच्या विजेची घरच्यासारखी वीज करणारा कन्व्हर्टर घ्यायला तो खामगावला गेला, तेव्हा मीही सोबत होते. दुकानदार मोठा डबा पुढे सरकवत होता आणि दादा लहानावरच अडून बसला होता.

"काऊन भाऊ, इतुसाच काऊन?" दुकानदार म्हणाला.

"डब्बा मोठा घेतला म्हनून माह्या जीपचा डायनॅमो मोठा होत नाही," दादा म्हणाला. "अन् मोठा पाह्यला का लोक म्हनतीन, आता पंखेही लावा."

परतताना त्यानं मला सगळं समजावलं. हा लहान डबा पूर्ण वझं टाकून चालवला तरी बॅटरीतून पंधरा-वीस अँपिअर ओढतो. जीप नुसती उभ्यानं चालू असली, तर बॅटरी भरणारा डायनॅमो त्याच्या निम्मंही देत नाही. इंजिन जोरात ठेवलं तर कसंबसं भागतं. मोठा डबा सगळं बॅटरीतूनच उपसणार, आणि मग निघायच्या वेळी जीप ढकलायला माणसं शोधा! एक ट्यूब आणि भोंगा, एवढाच त्याचा हिशेब. त्यावरून गावानं त्याला कंजूस ठरवलं. त्यानं ते काही मनावर घेतलं नाही.

माझं लग्न गोरज मुहूर्ताचं. हळदीच्या दिवशीच आईला दम्याचा जोराचा झटका आला. चिखलीच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि बजावलं, "पुन्हा लागला तर वाट पाहू नका, लगेच घेऊन या." गावात गाडी एकच, दादाची. वरपक्षाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून "उपास आहे, आत पडली आहे" असं सांगून आम्ही तिला माजघरात निजवलं. मी नवरी, बाशिंग बांधून तिच्या उशाशी बसले होते आणि तिच्या छातीतली शिट्टी ऐकत होते.

वरपक्षाला उतरायला जानोसा शाळेत दिला होता. मांडवात ट्यूब आणि जानोशात कंदील, हे पाहून नवरदेवाचे मामा भडकले. तिथेही ट्यूब पाहिजे, वर त्यांनी सोबत आणलेला पंखाही चालला पाहिजे. नाहीतर वरात मांडवात येणार नाही! मुहूर्त टळायला आला. बाबा हात जोडून उभे. दादानं वरपक्षाला आईचं कारण सांगितलं नाही. मांडवातली ट्यूब उतरवली, भोंगा बंद केला, आणि जीप घेऊन शाळेकडे निघाला.

"इथलं वझं तिथं नेतो," तो बाबांना म्हणाला. "बेरीज तेवढीच राह्यते. माय घरात अशी असताना मी बॅटरी उतरू देनार नाही."

झालं! माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या गॅसबत्तीच्या उजेडात, वाजंत्र्यांच्या भरवशावर. सगळी वरात मांडवात, आणि तिकडे रिकाम्या शाळेत ट्यूब जळतेय, पंखा बाकांना वारा घालतोय. हसावं की रडावं मला कळेना.

पंगत बसली आणि आईचा श्वास पुन्हा अडकला. दादानं शाळेतल्या तारा काढल्या, जीप मागच्या दाराला लावली, आईला उचलून आत ठेवलं. पहिल्याच स्टार्टरला गाडी उठली. पाहुण्यांना सांगितलं, बर्फ आणायला गेला. आई वाचली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता.

सासरी हे सांगायची सोय नव्हती. सून आली आणि तिकडे तिची आई मरायला टेकली, असला पायगुण कुणी गोड मानला असता? मग दर दिवाळीला मामासासऱ्यांचं पालुपद ठरलेलं. "पंगतीच्या टायमाले लाईट काढून नेला, असा कंजूस साळा पाह्यला नाही!" आमचे हेसुद्धा खो खो हसायचे. दादा म्हणायचा, "हो मामा, डायनॅमोच लहान होता." माझा जीव तुटायचा, पण त्यानंच मला शपथ घातली होती.

दादाच्या तेरवीला आईनं जावयाला जवळ बसवलं. "जावाईबापू, तो लाईट माह्यापायी गेला होता," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं.  ते ऐकून आमचे हे उठून अंगणात गेले. दादा गेल्यापासून जीपला कुणी हात लावला नव्हता. यांनी किल्ली फिरवली, नुसतं टक् झालं. त्यांनी बॅटरी सोडली, तिच्यातल्या अ‍ॅसिडचे धोतराला डाग पडत असतानाही खांद्यावर घेतली आणि चिखलीला नेऊन चार्ज करून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सुरू झाली. यांनी लगेच बंद करायला हात नेला, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "राहू द्या थोडी चालू. कुठी जाचं नसलं तरी नामा रोज सकाळी अशीच चालू करून ठेवे... माह्यासाठी."